दात्याचे क्रिएटिनिन ३.८ असताना मूत्रपिंड स्वीकारावे का?

सोलापूर जिल्ह्यातील एका ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांचा ४२ वर्षांचा भाऊ सहा वर्षांपासून आठवड्यातून तीनदा डायलिसिस घेतो आणि त्याचे नाव प्रत्यारोपणाच्या प्रतीक्षायादीत आहे. गेल्या महिन्यात रात्री साडेअकरा वाजता प्रत्यारोपण समन्वयकांचा फोन आला. दुचाकीच्या अपघातात डोक्याला मार लागून मेंदूमृत झालेल्या २९ वर्षांच्या तरुणाचे मूत्रपिंड यादीतील क्रमानुसार भावाला देऊ केले होते. रुग्णालयात दाखल झाला तेव्हा त्या तरुणाचे क्रिएटिनिन १.१ होते आणि चौथ्या दिवशी ते ३.८ झाले होते. ‘आधीच बिघडलेली किडनी कशाला घ्यायची’ या भीतीने घरच्यांनी तासाभरात नकार कळवला. तो नकार चुकला का आणि पुन्हा असाच फोन आला तर कशाच्या आधारावर ठरवावे, हे ताईंना समजून घ्यायचे आहे.

ताई, आधी सरळ उत्तर देतो. आपण दिलेली माहिती पूर्ण आणि बरोबर असेल, तर दोन-तीन गोष्टींची खात्री करून मी ते मूत्रपिंड स्वीकारण्याचा सल्ला दिला असता. मात्र तो नकार ही आपल्या कुटुंबाची चूक आहे, असे मी म्हणणार नाही. दात्याचे क्रिएटिनिन वाढलेले असू शकते आणि तशा वेळी काय विचार करायचा, हे यादीत नाव नोंदवतानाच, दिवसाउजेडी आणि शांतपणे समजावून सांगायचे असते. ते काम आम्हा डॉक्टरांचे आहे. मध्यरात्री फोनवर ‘क्रिएटिनिन ३.८ आहे, घेता का?’ एवढेच कानावर पडले, तर कोणताही भाऊ किंवा बहीण घाबरणारच.

मूत्रपिंड रक्तातून गाळून बाहेर टाकते त्या पदार्थांपैकी क्रिएटिनिन हा एक आहे. त्याची रक्तातील पातळी वाढली म्हणजे गाळण्याचे काम मंदावले, एवढेच त्यातून कळते. ते का मंदावले, किती काळापासून मंदावले आणि पुन्हा पूर्ववत होईल की नाही, या तीन प्रश्नांची उत्तरे त्या एका आकड्यात नसतात. आपल्या भावाचे क्रिएटिनिन आणि त्या तरुणाचे क्रिएटिनिन हे कागदावर एकाच रकान्यात लिहिले जातात, पण त्यांचा अर्थ अगदी वेगळा आहे. भावाच्या मूत्रपिंडात वर्षानुवर्षे व्रण साचत गेले आणि गाळणीचा भाग कायमचा नाहीसा झाला. त्या तरुणाचे मूत्रपिंड चार दिवसांपूर्वीपर्यंत निरोगी होते आणि त्याला चार दिवसांत इजा झाली. पहिल्या अवस्थेला आम्ही जुनाट आजार म्हणतो आणि दुसरीला तीव्र इजा म्हणतो. पुढचे सगळे विवेचन या फरकावरच उभे आहे.

मेंदूला जबर मार लागून तो निकामी होत असताना शरीरात नेमके काय घडते, हे समजले की ही इजा अपेक्षित का असते हेही समजते. सुरुवातीला ॲड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा मोठा लोट रक्तात येतो, रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि रक्तदाब एकदम चढतो. त्यानंतर मेंदूचे नियंत्रण सुटते आणि रक्तदाब कोसळतो. लघवीचे प्रमाण आवरणारे संप्रेरक बनणे थांबते, त्यामुळे लिटरच्या लिटर पातळ लघवी वाहून जाते, शरीर कोरडे पडते आणि रक्तातील सोडियम वाढते. याच्या आधीच्या दिवसांत डॉक्टर त्या रुग्णाला वाचवण्यासाठी झटत असतात. मेंदूची सूज उतरावी म्हणून मॅनिटॉल दिलेले असते, स्कॅनसाठी शिरेतून डाय दिलेला असतो, रक्तदाब टिकवण्यासाठी नॉरॲड्रेनलिन चालू असते आणि जंतुसंसर्गावर अँटिबायोटिक्स चालू असतात. अपघातात मांड्यांचे स्नायू चिरडले असतील, तर स्नायूंतले मायोग्लोबिन रक्तात उतरून मूत्रपिंडाच्या नलिकांमध्ये अडकते. यांतले प्रत्येक कारण मूत्रपिंडावर ताण आणते, आणि बहुतेक दात्यांमध्ये त्यांपैकी दोन-तीन कारणे एकत्र येतात.

हा मार प्रामुख्याने कोठे बसतो, ते महत्त्वाचे आहे. मूत्रपिंडात गाळणीचे काम करणारे केशिकागुच्छ असतात आणि त्यांच्यापुढे लांबलचक नलिका असतात. गाळलेल्या द्रवातून शरीराला हवे ते परत घेण्याचे काम या नलिकांच्या पेशी करतात. त्यासाठी त्यांना सतत ऑक्सिजन लागतो, म्हणून रक्तपुरवठा कमी झाला की सर्वांत आधी त्याच पेशी कोलमडतात. परंतु याच पेशींमध्ये पुन्हा वाढण्याची क्षमता असते. ज्या पेशी वाचल्या त्या विभागतात, पसरतात आणि नलिकेचे अस्तर नव्याने तयार करतात. वैशाखात बांधावरची हरळी पार वाळलेली दिसते, पण मुळे जिवंत असल्यामुळे पहिल्या पावसात ती पुन्हा हिरवी होते, तसे हे आहे. केशिकागुच्छांचे मात्र असे होत नाही. ते एकदा मेले की नवे उगवत नाहीत. म्हणून रात्री दात्याची फाइल समोर आल्यावर आम्ही स्वतःला विचारतो तो प्रश्न असा असतो की, इजा नलिकांपुरती आहे की गाळणीपर्यंत पोहोचली आहे, आणि या इजेच्या आधीपासून तेथे काही जुने दुखणे होते का.

याचे सर्वांत खात्रीचे उत्तर दाखल होतानाच्या पहिल्या रक्ततपासणीत मिळते. पहिले क्रिएटिनिन १.१ असेल, तर चार दिवसांपूर्वी त्या मूत्रपिंडाचे कार्य जवळपास सामान्य होते, याचा तो लेखी पुरावा असतो. त्यानंतरचे आकडे एका ओळीत मांडून त्यांचा कल पाहायचा असतो. १.१, १.९, ३.१, ३.८ असा चढ असेल आणि शेवटच्या बारा तासांत तो ३.८ वरून ३.६ कडे वळला असेल, तर मला दिलासा वाटतो, कारण दात्याच्या शरीरातच दुरुस्ती सुरू झालेली असते. उलट पहिलाच आकडा २.४ असेल, दाता ६० वर्षांचा असेल आणि त्याला मधुमेह व उच्च रक्तदाब असेल, तर शेवटचे क्रिएटिनिन २.६ असले तरी मी जास्त सावध होतो. येथे कमी आकडा जास्त काळजीचा ठरतो, आणि हीच गोष्ट कुटुंबांना पटवून देणे सर्वांत अवघड जाते. आपल्याकडे अनेक रुग्ण तालुक्याच्या गावाहून दोन रुग्णालये फिरून तिसऱ्या ठिकाणी पोहोचतात. अशा वेळी पहिल्या रुग्णालयातील रक्ताचा कागद शोधून काढणे हे समन्वयकाचे अत्यंत मोलाचे काम असते. जुना कागद मिळालाच नाही, तर सोनोग्राफीतील मूत्रपिंडाचा आकार, बाहेरच्या थराची जाडी, लघवीतील प्रथिने आणि तीन महिन्यांची सरासरी साखर यांवरून अंदाज बांधावा लागतो.

लघवीच्या प्रमाणाविषयी वेगळे सांगायला हवे, कारण नातेवाईकांना आणि कधीकधी डॉक्टरांनाही ते फसवते. ‘लघवी भरपूर होते आहे’ हे वाक्य ऐकायला चांगले वाटते. पण मेंदूमृत अवस्थेत संप्रेरकाच्या अभावामुळे लघवी वाढलेली असू शकते आणि मॅनिटॉलमुळेही ती वाढते. त्यामुळे भरपूर लघवी म्हणजे उत्तम मूत्रपिंड, असा अर्थ काढता येत नाही. याउलट लघवी जवळजवळ बंद झाली असेल, तर तो इशारा गंभीरपणे घ्यावा लागतो. दात्याला डायलिसिस द्यावे लागले असेल, तर क्रिएटिनिनचा उतार यंत्रामुळे आलेला असतो. अशा वेळी आकड्यांच्या कलावर विसंबता येत नाही आणि निर्णय पूर्वेतिहास, इजेचे कारण व बायॉप्सी (मूत्रपिंडाचा छोटा तुकडा काढून केलेली तपासणी) यांवर घ्यावा लागतो.

इजेचे कारण काय, हा प्रश्न महाराष्ट्रात विशेष काळजीने विचारावा लागतो. तरुण दात्याच्या डोक्याला मार लागला, मध्ये काही तास रक्तदाब खाली गेला आणि मग क्रिएटिनिन चढले, हे चित्र आमच्या ओळखीचे आहे आणि त्यात मूत्रपिंड बहुधा सावरते. घोणस चावल्यानंतरची इजा वेगळी असते. त्या विषाने रक्त गोठण्याची यंत्रणा बिघडते आणि काही रुग्णांमध्ये मूत्रपिंडाचा बाहेरचा थरच मृत होतो. बाळंतपणात वार आधी सुटून प्रचंड रक्तस्राव झालेल्या स्त्रियांमध्येही असे होऊ शकते. बाहेरचा थर मृत होणे याचा अर्थ केशिकागुच्छ मेले, म्हणजे हरळीची मुळेच गेली. लेप्टोस्पायरोसिससारखा संसर्ग असेल, तर मूत्रपिंड सावरेल की नाही याच्या जोडीने तो संसर्ग रुग्णाकडे जाईल का, हाही विचार करावा लागतो. सगळ्यांना ‘तीव्र इजा’ हे एकच नाव असले, तरी त्यांच्यात फार अंतर आहे.

शंका उरली तर बायॉप्सी करतात. मूत्रपिंड काढल्यावर त्याचा छोटा तुकडा गोठवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. अमेरिकेत ॲरिझोना राज्यातील मेयो क्लिनिकच्या चमूने तीव्र इजा झालेली मूत्रपिंडे मोठ्या संख्येने वापरली, आणि त्यांचा दंडक समजायला सोपा आहे. बाहेरचा थर लक्षणीय प्रमाणात मृत असेल किंवा जुने व्रण सौम्यपेक्षा जास्त असतील, तर ते मूत्रपिंड घेत नाहीत. केवळ नलिकांना इजा असेल, तर क्रिएटिनिन कितीही असले तरी घेण्याचा विचार करतात. त्यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अनुभवात अशा रुग्णांमध्ये मूत्रपिंड उशिरा सुरू होण्याचे प्रमाण जास्त होते, पण वर्षभरानंतरचे कार्य इतर प्रत्यारोपणांच्या तोडीचे होते. गोठवलेल्या तुकड्याचे वाचन घाईत होते आणि त्यात चुका होतात, हेही मी सांगितले पाहिजे. मध्यरात्री अनुभवी विकृतिशास्त्रज्ञ उपलब्ध असणे ही सोय आपल्या राज्यात मोजक्या शहरांपुरती आहे. म्हणून तरुण दाता, सामान्य पहिले क्रिएटिनिन आणि स्पष्ट कारण, या तिन्ही गोष्टी असतील, तर मी बायॉप्सीसाठी तास वाया घालवत नाही. त्या तासांत मूत्रपिंड बर्फात पडून राहते आणि त्याचे नुकसान वाढते.

माझ्या सुरुवातीच्या वर्षांतील एक निर्णय अजून माझ्या मनात आहे. एका तरुण दात्याचे क्रिएटिनिन साडेचारच्या पुढे गेले होते आणि मी माझ्या रुग्णासाठी नकार दिला. त्याच दात्याचे दुसरे मूत्रपिंड दुसऱ्या शहरातील सहकाऱ्याने स्वीकारले. त्या रुग्णाला बारा दिवस डायलिसिस लागले, मग लघवी वाढत गेली आणि दीड महिन्यानंतर त्याचे क्रिएटिनिन १.३ वर स्थिरावले. माझा रुग्ण मात्र यादीतच राहिला आणि पुढचा फोन येण्याआधी दीड वर्षाने हृदयविकाराने गेला. मी त्याच्या पत्नीला तेव्हा ‘चांगली किडनी येईल, थांबू’ असे सांगितले होते. एका अनुभवावरून नियम बनवू नये हे मला ठाऊक आहे. म्हणूनच त्यानंतर मी मोठ्या अभ्यासांचे आकडे नीट पाहू लागलो.

ब्रिटनमध्ये २००३ ते २०१३ या काळात झालेल्या ११,२१९ मूत्रपिंड प्रत्यारोपणांचा आढावा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी १७ टक्के मूत्रपिंडे तीव्र इजा झालेल्या दात्यांची होती. एक वर्षानंतर इजा नसलेल्या गटात ९१ टक्के आणि इजा असलेल्या गटात ८९ टक्के मूत्रपिंडे कार्यरत होती. फरक आहे, पण तो दोन टक्क्यांचा आहे. त्याच आढाव्यातील दुसरा आकडा मी कोणापासूनही लपवत नाही. इजा तिसऱ्या, म्हणजे सर्वांत तीव्र टप्प्याची असेल, तर मूत्रपिंड कधीच सुरू न होण्याचे प्रमाण ९ टक्के होते आणि इजा नसलेल्यांत ते ४ टक्के होते. क्रिएटिनिन मूळच्या तिप्पट झाले किंवा ४ च्या वर गेले, की तिसरा टप्पा मानतात. १.१ वरून ३.८ ही वाढ तिपटीहून जास्त आहे, म्हणून आपल्या भावाला देऊ केलेले मूत्रपिंड याच टप्प्यात मोडत होते. घरच्यांची भीती निराधार नव्हती, हे मला येथे स्पष्ट लिहायचे आहे. ती भीती प्रमाणाबाहेर वाढली, कारण तिच्यासमोर ठेवायला कोणी आकडा दिला नाही.

अमेरिकेतील २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात इजा झालेले आणि न झालेले दाते इतर बाबतींत सारखे निवडून जोड्या लावल्या होत्या आणि १३,००० हून अधिक प्रत्यारोपणे तपासली होती. मूत्रपिंड उशिरा सुरू होण्याचे प्रमाण इजा असलेल्या गटात २९ टक्के आणि नसलेल्या गटात २२ टक्के होते. पुढे सुमारे पाच वर्षे पाठपुरावा केल्यावर मूत्रपिंड निकामी होण्याच्या प्रमाणात दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. हे निष्कर्ष वाचताना एक मर्यादा ध्यानात ठेवावी लागते. या अभ्यासांत आहेत ती मूत्रपिंडे अनुभवी लोकांनी पारखून घेतलेली आहेत, आणि त्यांनी नाकारलेली त्यांत नाहीत. त्यामुळे ‘इजा झालेले कोणतेही मूत्रपिंड घ्या’ असा अर्थ या आकड्यांतून निघत नाही. पारख करून घेतलेले मूत्रपिंड पुढे चांगले चालते, एवढेच त्यांतून निघते, आणि माझ्या मते तेवढे पुरेसे आहे.

नकाराची सवय किती खोल आहे, तेही याच विषयाच्या अभ्यासांतून दिसते. अमेरिकेतील २०१५ च्या एका अभ्यासात तीव्र इजा झालेल्या दात्यांची ३० टक्के मूत्रपिंडे काढूनही वापरली गेली नाहीत. इजा नसलेल्यांत हे प्रमाण १८ टक्के होते. तेथे दात्याच्या मूत्रपिंडाला गुण देण्याची एक पद्धत आहे आणि तिच्यात शेवटचे क्रिएटिनिन हा एक घटक आहे. ते वाढले की गुणांकन घसरते, मग ते जुनाट आजाराने वाढलेले असो वा चार दिवसांच्या इजेने. आपल्याकडे ती पद्धत लागू नाही, पण शेवटचा आकडा पाहून घाबरण्याची वृत्ती येथेही तीच आहे. मेंदूमृत दात्याच्या कुटुंबाने आयुष्यातील सर्वांत वाईट दिवशी होकार दिलेला असतो. चार डॉक्टरांच्या समितीने किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासण्या करून मृत्यू प्रमाणित केलेला असतो. एवढे सगळे होऊन सावरण्याजोगे मूत्रपिंड वापरले गेले नाही, तर मला मनापासून वाईट वाटते.

दाता निश्चित झाल्यापासून मूत्रपिंड बसवण्यापर्यंतच्या तासांत बरेच काही सुधारता येते. अतिदक्षता विभागात दात्याला पुरेसे द्रव देणे, व्हॅसोप्रेसिनने लघवीचा लोट आवरणे आणि रक्तदाब टिकवणे, ही दात्याची निगा म्हणजे प्रत्यक्षात पुढच्या दोन रुग्णांचा उपचार असतो. त्यानंतर प्रश्न येतो तो थंड काळाचा. मूत्रपिंड शरीराबाहेर बर्फात राहते तेवढा वेळ त्याच्यावर दुसरा आघात होत असतो, आणि आधीच इजा झालेल्या मूत्रपिंडाला तो जास्त बाधतो. मूत्रपिंडातून थंड द्रव सतत फिरवणारे यंत्र वापरल्यास उशिरा सुरू होण्याचे प्रमाण कमी होते. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपातील चाचणीत ते २६.५ वरून २०.८ टक्क्यांवर आले होते. आपल्याकडे अजूनही बहुतेक मूत्रपिंडे बर्फाच्या पेटीतूनच जातात. म्हणून सोलापूरसारख्या ठिकाणच्या रुग्णाने फोन आल्याबरोबर निघणे, क्रॉसमॅच (दात्याच्या पेशी रुग्णाच्या रक्ताशी जुळतात का, ही तपासणी) लवकर होणे आणि शस्त्रक्रियागृह तयार असणे यांना फार महत्त्व आहे.

मूत्रपिंड कसे आहे याबरोबर ते कोणाला बसवायचे, हेही पाहावे लागते. ज्याचे हृदय अशक्त आहे, डायलिसिसवर ज्याचा रक्तदाब सारखा कोसळतो, किंवा ज्याच्या शरीरात आधीच्या प्रत्यारोपणामुळे वा रक्त चढवल्यामुळे परक्या अवयवाला विरोध करणारी प्रतिपिंडे फार वाढलेली आहेत, त्याला उशिरा सुरू होणारे मूत्रपिंड अधिक त्रास देते. ज्याचा फिस्टुला (डायलिसिससाठी हातातील धमनी आणि शीर जोडून केलेली जागा) बंद पडला आहे आणि मानेतल्या शिराही संपत आल्या आहेत, त्याच्या बाबतीत निर्णय सर्वांत कठीण असतो. त्याला मूत्रपिंडाची गरज तातडीची असते, पण प्रत्यारोपणानंतर दोन आठवडे डायलिसिस लागले तर ते कोठून द्यायचे, हे आधी ठरवावे लागते. आपल्या भावाचे वय ४२ आहे, फिस्टुला चालू आहे आणि हृदयाची तपासणी चांगली आहे असे आपण लिहिले आहे. म्हणजे वाट पाहण्याचा काळ तो सोसू शकेल, असे मला वाटते.

तो काळ कसा असतो, हे कुटुंबांना कोणी नीट सांगत नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. जिवंत दात्याचे मूत्रपिंड बसवले की बहुधा शस्त्रक्रियेच्या टेबलावरच लघवी सुरू होते. शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाचे तसे झालेले असते आणि आपल्या रुग्णाची पिशवी मात्र रिकामी असते. प्रत्यारोपणानंतरच्या पहिल्या आठवड्यात डायलिसिस लागले, तर आम्ही त्याला कार्य लांबणे म्हणतो. ते काही दिवसांचे असते, क्वचित तीन-चार आठवड्यांचेही असते. या काळात डॉपलर सोनोग्राफीने रक्तपुरवठा तपासतात. डायलिसिस देताना रक्तदाब पडू नये म्हणून पाणी बेताने काढतात, कारण रक्तदाब पडला की नव्या मूत्रपिंडाला पुन्हा मार बसतो. टॅक्रोलिमस हे मुख्य औषध मूत्रपिंडाच्या रक्तवाहिन्या आवळते, म्हणून सुरुवातीला त्याची मात्रा जपून ठेवतात आणि त्याऐवजी एटीजीसारखे प्रभावी इंजेक्शन देऊन शरीराचा विरोध आवरतात. सर्वांत मोठा धोका असा असतो की लघवी नसल्यामुळे नकारप्रक्रिया, म्हणजे शरीराने नव्या मूत्रपिंडाला परके मानून त्यावर केलेला हल्ला, सुरू झाली तरी ती बाहेरून कळत नाही, कारण क्रिएटिनिन तर आधीच वाढलेले असते. म्हणून मूत्रपिंड सुरू झाले नाही, तर सात ते दहा दिवसांनी बायॉप्सी करतात आणि गरज पडल्यास ती पुन्हा करतात. बायॉप्सीचे नाव निघाले की घरचे लोक घाबरतात. नलिका सावरत आहेत आणि नकारप्रक्रिया नाही, एवढे त्यातून कळले, तर निर्धास्तपणे वाट पाहता येते.

मग एके दिवशी पिशवीत दोनशे मिली लघवी येते, दुसऱ्या दिवशी पाचशे, आणि दोन डायलिसिसमधले क्रिएटिनिन पूर्वीइतके चढत नाही. आपल्या रुग्णाला आधीपासून थोडी लघवी होत असेल, तर ती कोणत्या मूत्रपिंडाची हे कळत नाही. त्यामुळे आकडा आपोआप उतरू लागणे हीच खरी खूण मानावी.

हे प्रत्येक वेळी घडत नाही. एका रुग्णाला मी स्वतः आग्रहाने असे मूत्रपिंड घ्यायला लावले होते आणि ते कधीच सुरू झाले नाही. बायॉप्सीत बाहेरच्या थराचा मोठा भाग मृत निघाला. सहा आठवड्यांनी ते काढावे लागले. त्या रुग्णाला शस्त्रक्रिया, इंजेक्शने आणि खर्च एवढे सगळे सोसून पुन्हा त्याच डायलिसिसच्या खुर्चीत बसावे लागले. त्या दात्याच्या शेवटच्या दिवशी लघवी जवळजवळ थांबली होती आणि प्लेटलेट्स खूप उतरल्या होत्या. मी त्या दोन खुणांना तेव्हा पुरेसे वजन दिले नाही. आज त्या खुणा दिसल्या, तर बायॉप्सीशिवाय मी पुढे जात नाही.

खर्चाचा विचार आधी करणे आवश्यक आहे. कार्य लांबले की रुग्णालयातील मुक्काम एक ते तीन आठवड्यांनी वाढतो, डायलिसिसचा, बायॉप्सीचा आणि इंजेक्शनांचा खर्च वाढतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून उपचार होणार असतील, तर ठरलेल्या रकमेत काय बसते आणि मुक्काम लांबल्यास कोणता खर्च स्वतः करावा लागेल, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राकडून आजच विचारून लिहून ठेवा. पैशाअभावी तिसऱ्या आठवड्यात औषध कमी केल्यामुळे सावरू लागलेले मूत्रपिंड गमावलेले रुग्ण मी पाहिले आहेत.

हा सगळा धोका कशाच्या तुलनेत मोजायचा, हेही पाहिले पाहिजे. फोन येतो तेव्हा मन नकळत ‘हे मूत्रपिंड’ आणि ‘निर्दोष मूत्रपिंड’ यांची तुलना करते. पण त्या रात्री निर्दोष मूत्रपिंड समोर नसते. समोर असतो तो डायलिसिसवरचा आणखी एक काळ, ज्याची लांबी कोणालाच माहीत नाही. त्या काळात हृदय कमजोर होते, संसर्ग होतात, फिस्टुला बंद पडतो आणि काही रुग्ण दगावतात. सहा वर्षे डायलिसिस झालेल्या ४२ वर्षांच्या माणसासाठी २९ वर्षांच्या निरोगी दात्याचे, चार दिवसांपूर्वीपर्यंत उत्तम चाललेले मूत्रपिंड मला मोलाचे वाटते. ६५ वर्षांच्या, मधुमेही दात्याचे क्रिएटिनिन १.२ असलेले मूत्रपिंड आणि हे मूत्रपिंड यांतून एक निवडायचे झाले, तर आपल्या भावासाठी मी हेच निवडेन.

पुढच्या वेळी फोन आला, तर दात्याचे दाखल होतानाचे क्रिएटिनिन किती होते आणि ते कोणत्या तारखेचे होते, हे आधी विचारा. शेवटच्या २४ तासांत ते चढते आहे की स्थिर झाले आहे, इजा कशामुळे झाली असे डॉक्टरांना वाटते, दात्याला मधुमेह किंवा उच्च रक्तदाब होता का, डायलिसिस द्यावे लागले का आणि मूत्रपिंड किती तासांत बसवले जाईल, हेही विचारा. शेवटी आपल्या डॉक्टरांना एवढेच विचारा की, ‘या सगळ्यावरून आपण स्वतः हे मूत्रपिंड माझ्या भावासाठी घ्याल का, आणि का?’ प्रामाणिक डॉक्टर या प्रश्नाला दोन मिनिटांत कारणांसह उत्तर देतो. त्याने कारणे देऊन ‘नाही’ म्हटले, तर तो नकारही मान्य करावा.

तोवर काही कामे आत्ताच करून ठेवता येतील. पुढच्या तपासणीला भावाबरोबर जाऊन ‘इजा झालेल्या दात्याचे मूत्रपिंड आम्ही विचारात घेऊ’ किंवा ‘घेणार नाही’ हे डॉक्टरांशी बोलून ठरवा आणि ते फाइलमध्ये नोंदवून घ्या. मधल्या काळात रक्त चढवले असेल, तर समन्वयकांना कळवा, कारण त्यामुळे प्रतिपिंडे बदलतात. हृदयाची तपासणी जुनी झाली असेल, तर नव्याने करून घ्या. फिस्टुलाच्या हातावर रक्तदाब मोजू देऊ नका आणि डायलिसिसखेरीज त्या हाताला कोणालाही सुई टोचू देऊ नका. प्रत्यारोपण होऊन मूत्रपिंड सुरू व्हायला वेळ लागला, तर त्या दोन-तीन आठवड्यांत भावाला त्याच फिस्टुलावर डायलिसिस घ्यायचे आहे.